११ महिन्यांचा करार आला कुठून? नागपूरच्या भाडेकायद्याची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले "अं" आणि "म्हणजे बघा" तेवढे काढलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये पीडीएफ बनून पडलेला असेल. भाडेकरार. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहास हा माझा रविवारचा उद्योग. बीटेक झाल्यापासून आतापर्यंत पाच घरं भाड्याने घेतली, तीन नागपुरात आणि दोन पुण्यात. प्रत्येक वेळी करार ११ महिन्यांचा. १२ का नाही? २४ का नाही? ब्रोकरला विचारलं तर तो म्हणाला, "सिस्टीमच तशी आहे भाऊ." आता "सिस्टीमच तशी आहे" हे उत्तर माझ्या धंद्यात चालत नाही. सिस्टीम तशी असते कारण कोणीतरी, कधीतरी, कसल्यातरी कारणासाठी ती तशी लिहिलेली असते. मग तो माणूस निघून जातो, कारण विसरलं जातं आणि कोड तेवढा चालू राहतो.

तर छोटं उत्तर आधी देऊन टाकतो. १९०८ सालचा रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट, कलम १७. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची. नोंदणी म्हणजे खर्च, रांग आणि सरकारदरबारी कागद. मग लोकांनी काय केलं? वर्षाच्या एक महिना अलीकडे थांबले. ११ महिने. झालं.

पण हे उत्तर मला पुरलं नाही. नोंदणीचे पैसे वाचवायला एवढा मोठा देश पिढ्यानपिढ्या एकच आकडा धरून बसेल? घरमालकाला नुसता खर्च नको असतो असं नाही. त्याला भीती असते की हा पोरगा आत शिरला की निघणार नाही. ती भीती कुठून आली, ही खरी गोष्ट. आणि तिच्यात नागपूरचा स्वतःचा एक चॅप्टर आहे, जो मुंबईच्या चाळी आणि पागडीच्या गोष्टींखाली दबून गेलाय.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू. १९१५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात युद्धाच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार आले, घरमालकांनी भाडी वाढवली आणि बायकांनी भाडं द्यायला नकार दिला. त्यांच्यातली मेरी बार्बर हे नाव आजही तिकडे आदराने घेतात. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने भाडं गोठवणारा कायदा केला. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईतही युद्धकाळापुरता म्हणून भाडेनियंत्रणाचा कायदा आला. "युद्धकाळापुरता" हे शब्द लक्षात ठेवा. भाडेकायद्यांच्या इतिहासात तात्पुरत्या गोष्टी सगळ्यात जास्त टिकल्यात.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. सिमेंट नाही, लोखंड नाही, बांधकाम बंद आणि शहरात माणसं वाढतायत. युद्ध संपलं आणि लगेच फाळणी आली. मुंबईने १९४७ चा भाडेकायदा केला आणि त्यात भाड्याचा पाया ठरवला १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडं होतं, ते प्रमाण. माझ्या भाषेत सांगायचं तर व्हॅल्यू हार्डकोड करून टाकली.

आता नागपूर. आपल्या वयाच्या किती जणांना माहीत आहे की नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हतं? महाराष्ट्रच नव्हता म्हणा. नागपूर होतं सी.पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. १९५० नंतर त्याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच राहिली. सचिवालय इथे, विधानसभा इथे, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल इथे. १९४१ मध्ये शहराची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख. १९५१ मध्ये ती साडेचार लाखांच्या जवळ गेली. दहा वर्षांत दीडपट. त्यात सरकारी बाबू होते, खेड्यातून आलेले गिरणी कामगार होते आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं होती, ज्यांनी पुढे जरीपटका उभा केला.

एवढी माणसं ठेवायची कुठे? प्रांताच्या सरकारने १९४६ मध्ये घरं भाड्याने देण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये एक हुकूम काढला: सी.पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर. विदर्भातल्या जुन्या वकिलांसमोर नुसतं "रेंट कंट्रोल ऑर्डर" म्हणा, त्यांचे डोळे चमकतात.

ह्या हुकमातला कलम २२ ते २४ चा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. तुमचं घर रिकामं होणार आहे असं कळलं, की सात दिवसांच्या आत डेप्युटी कमिशनरला, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरला, तसं कळवायचं. त्याने पंधरा दिवसांत हुकूम काढला तर तो सांगेल त्याला घर भाड्याने द्यायचं. कोणाला? सरकारी नोकराला, निर्वासिताला, किंवा दुसऱ्या घरातून ज्याला बाहेर काढलं गेलंय अशा माणसाला. पंधरा दिवसांत काही हुकूम आला नाही तरच तुम्ही तुमच्या पसंतीचा भाडेकरू ठेवायला मोकळे.

कल्पना करा. आज तुमचा घरमालक विचारतो ना, व्हेज की नॉनव्हेज, बॅचलर की फॅमिली, आडनाव काय? कागदावर तरी त्या काळात नागपुरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा हक्क कलेक्टरचा होता. आणि ज्याला घरातून काढलंय त्याला रिकाम्या घरासाठी रांगेत पुढे उभं करणारा कायदा. मला हे वाचून आधी भारी वाटलं, मग लगेच शंका आली की लोक हे पाळत असतील का. अर्थातच सगळे पाळत नव्हते. कितीतरी जणांनी कलेक्टरला न कळवता परस्पर घरं, दुकानं भाड्याने दिली. मग भांडण झालं की प्रश्न यायचा: कलेक्टरला न कळवता केलेला भाडेव्यवहार कायद्याने खरा की खोटा? हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की कळवलं नाही म्हणून त्या दोघांमधला व्यवहार रद्दबातल होत नाही. म्हणजे १९४९ च्या टंचाईसाठी केलेल्या नियमावर १९८६ मध्ये वाद चालूच. तोवर राजधानी जाऊन तीस वर्षं झाली होती.

दुसरं कलम १३. घरमालकाला भाडेकरूला घर सोडायची नोटीस द्यायची असेल तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी हवी. परवानगी कशावर मिळेल त्याची यादी ठरलेली: तीन महिन्यांचं भाडं थकलं, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला राहायला घर हवं आणि शहरात त्याचं दुसरं राहतं घर नाही, वगैरे. मुंबईत मालक थेट स्मॉल कॉजेस कोर्टात दावा लावायचा. आपल्याकडे दोन मजले चढायचे होते. आधी कंट्रोलरकडे अर्ज, त्यावर कलेक्टरकडे अपील, मग हायकोर्ट. ते सगळं जिंकलं की मग नोटीस, आणि मग दिवाणी कोर्टात पहिल्यापासून दावा, त्यावर पुन्हा अपील. अर्ज बापाने टाकावा आणि ताबा नातवाने घ्यावा, असा तो रस्ता.

हे सगळं भाडेकरूच्या बाजूने किती चांगलं वाटतं! आणि होतंही. माझी आजी १९५८ मध्ये लग्न होऊन महालातल्या एका वाड्यात आली, दोन खोल्या, भाडं १८ रुपये. आजोबा गिरणीत होते. त्या दोन खोल्यांतून तीन मुलं शिकली. १८ रुपयांचं घर नसतं तर माझे बाबा पॉलिटेक्निकला गेले नसते, हे आजी अजूनही सांगते आणि मला त्यात शंका नाही. १९९४ मध्ये घर सोडलं तेव्हा भाडं होतं ४० रुपये.

पण त्याच घराची दुसरी बाजू पण तीच सांगते. पावसाळ्यात कवेलू गळायचे. घरमालकाच्या मुलाला सांगायला गेलं की तो म्हणायचा, "काकू, चाळीस रुपयात कवेलू तरी येऊन राहिले का?" तो खोटं बोलत नव्हता. तो काही श्रीमंत माणूस नव्हता, कारकून होता. त्याच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती आणि त्या चौघांच्या भाड्यात एका खोलीचं छत बदललं नसतं. शेवटी मागची भिंत एका ऑगस्टमध्ये बसली. कोणी सापडलं नाही, नशीब.

एका जुन्या वाड्यापुरतं हे सोडून द्या. आता हाच हिशोब सगळ्या शहराचा करा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो भाड्याने द्यायला घर का बांधेल? बांधेल तर विकायला बांधेल. असलेली खोली रिकामी झाली तर कुलूप लावून ठेवेल. आत असलेल्यांसाठी घर स्वस्त झालं आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी घरच उरलं नाही. आपली पिढी त्या बाहेरच्या रांगेत जन्माला आली.

ह्यात आणखी एक गंमत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण भाडेकायदे एक झालेच नाहीत. मुंबई-पुण्याला १९४७ चा कायदा, विदर्भाला सी.पी. अँड बेरारची १९४९ ची ऑर्डर, मराठवाड्याला हैदराबाद राज्याकडून आलेला १९५४ चा कायदा. एका राज्यात तीन कायदे, चाळीस वर्षं. नागपूरच्या भाडेकरूवर राज्य करत होतं एका अशा प्रांताचं नाव, जो प्रांतच नकाशावर नव्हता. लीगसी कोड म्हणतात तो हाच.

मग "लिव्ह अँड लायसन्स" हा शब्द कुठून आला? त्यासाठी थोडं मुंबईकडे जावं लागेल. भाडेकरू म्हणजे टेनंट झाला की कायद्याचं संरक्षण आलं. मग वकिलांनी शक्कल लढवली: ह्याला टेनंट म्हणायचंच नाही. ह्याला मी माझ्या घरात राहायची नुसती परवानगी दिली आहे, लायसन्स. पाहुण्यासारखा. घरावर ह्याचा काही हक्क नाही. कोर्टांपुढे मग वर्षानुवर्षं एकच वाद: हा खरंच लायसन्सी आहे की टेनंटला नुसती टोपी घातली आहे? १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या एका केशकर्तनालयाच्या खटल्यात सांगितलं की कागदावर काय नाव दिलंय ते बघू नका, व्यवहार खरा काय आहे ते बघा. (देशभरातल्या भाडेकरूंचा मोठा सिद्धांत हॉटेलच्या सलूनमधून आला, हे मला फार आवडतं.)

त्यानंतर आला १९७३. महाराष्ट्र सरकारने मुंबईच्या कायद्यात दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ ला जो कोणी चालू लायसन्सवर घरात राहत असेल, तो त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू. एका तारखेने पाहुणा घरचा झाला. ज्यांना छप्पर मिळालं त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा होता. पण मालकांनी त्यातून काय धडा घेतला असेल? की सरकार कधीही, एका रात्रीत, तुमच्या पाहुण्याला कायमचा करू शकतं. ही दुरुस्ती विदर्भाला लागू नव्हती, आपल्याकडे १९४९ ची ऑर्डर होती. पण भीतीला प्रांताची हद्द नसते. आज एखादे काका दारात उभं राहून "अकरा महिन्यांच्या वर देत नाही बाप्पा" म्हणतात, तेव्हा मला वाटतं ते १९४९ आणि १९७३ एकाच दमात बोलत असतात. त्यांना स्वतःला दोन्ही साल माहीत नसेल तरी.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या कायद्याबद्दल सांगितलं की १९४० च्या पातळीवर भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तिन्ही जुने कायदे गेले. नागपूरची रेंट कंट्रोल ऑर्डर एकावन्न वर्षांनी संपली.

इथे माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. ह्या नव्या कायद्याने एकाच शहरात दोन प्रकारचे भाडेकरू करून ठेवले. जुना टेनंट असेल तर त्याचं भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं आणि त्याला काढायला ठरलेली कारणं लागतात. तुम्ही-आम्ही लायसन्सी. आपल्या फीवर मर्यादा नाही. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर दुप्पट फी द्यावी लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करता येतो. मालकांची भीती घालवायला हे गरजेचं होतं, मान्य. पण झोका एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेला. मधे थांबता आलं असतं. तीन वर्षं राहीन, भाडं दर वर्षी अमुक टक्केच वाढेल, पोरांची शाळा मध्येच बदलावी लागणार नाही, एवढं सांगणारा साधा भाडेकरू कायद्यात असायला हवा होता.

आकड्यात बघा. मी बेसा भागात १४ हजार देतो आणि दर नव्या करारात १० टक्के वाढ लिहिलेली आहे. पाच वेळा करार वाढला तर भाडं साडेबावीस हजारांच्या वर जातं. ४ टक्क्यांनी पाच वेळा वाढलं असतं तर १७ हजारांच्या आसपास थांबलं असतं. पगार दर अकरा महिन्यांनी १० टक्के वाढतो असं कोणाचं असेल तर त्याने मला रेफरल पाठवावा.

आणि भीती गेली म्हणून घरं बाहेर आली का? केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे: १९६१ मध्ये शहरांतली ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ मध्ये २८ टक्के. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांमधली एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. नवा कायदा येऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा. रिकाम्या घरांना इतरही कारणं आहेत, घर म्हणजे गुंतवणूक हा एक वेगळा रोग आहे, पण कुलपाची सवय लागली ती लागलीच. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच अशी मर्यादा आहे. पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलेलं आहे.

आता कामाची गोष्ट, कारण गेल्या महिन्यात चार जणांनी मेसेज करून हेच विचारलंय. "घरमालक म्हणतो रजिस्टर नको, नोटरी पुरे, ११ महिन्यांचं तर आहे." तर सुरुवातीचं छोटं उत्तर आठवा. १९०८ चा तो नियम एक वर्षावरच्या करारांसाठी होता. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने तो आडोसा काढून टाकलाय. इथे करार ११ महिन्यांचा असो की ३ महिन्यांचा, भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसताना वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीच्या कागदाने मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. माझ्या एका जुन्या घरमालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून नऊ हजार कापायचं ठरवलं होतं. मी शांतपणे कलम ५५ ची प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवली. नऊचे तीन झाले. भांडण झालं नाही, चहा पण झाला.

म्हणजे ११ हा आकडा आपल्याकडे कायद्याने काहीच वाचवत नाही. २४ महिन्यांचा करार करा, ३६ चा करा, ऑनलाइन नोंदणीत ६० महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्स होतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का धरली जाते, त्यात डिपॉझिटचा थोडा हिशोब मिळवतात. माझ्या ११ महिन्यांच्या कराराला ती चारशेच्या आसपास आली, आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. ब्रोकर तुम्हाला ह्याचेच चार हजार सांगतो, तेव्हा बिल मागा. पुढचा करार करताना मालकांना सरळ विचारा: दोन वर्षांचा करू, वाढ ५ टक्के ठेवू, मी मधे सोडणार नाही. सगळे हो म्हणणार नाहीत. माझे सध्याचे काका दीड वर्षावर आले, आणि वाढ अजून १० च आहे. बोलणी चालू आहेत.

एक धागा आज मुद्दाम सोडून दिला. १९९४ मध्ये महालातलं घर सोडून आम्ही गेलो कुठे? बाबांनी शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला होता, नोटरीच्या कागदावर, जिथे रस्ता नव्हता आणि नळ नव्हता. नागपुरात अर्ध्या मध्यमवर्गाची अशीच एक प्लॉटची गोष्ट असते. तो ले-आउट, नागपूर सुधार प्रन्यास आणि २००१ चा गुंठेवारी कायदा, हे पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत तुमच्या घरी कोणाकडे जुनी भाडेपावती पडली असेल, पन्नास-साठच्या दशकातली, तर फोटो पाठवा. नाव-पत्ता झाकून पाठवा. भाडं किती होतं तेवढं दिसू द्या.